खंडेनवमीचा सुरा

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
६ ऑक्टोबर २०२४

कांचन,

आशीर्वाद. तू डॉक्टर होतीस, रिटायर झालीस, साठीही ओलांडलीस, तरी बायकोच्या धाकट्या बहिणीला आशीर्वादच द्यायचे असतात. घे मुकाट्याने.

आज सकाळी फोन केला होतास वाटतं. दिव्याची उघडझाप दिसली, पण उचलून काय करणार? पलीकडून कोणी तोंडात पाणी धरून बोलल्यासारखं ऐकू येतं. कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये आहे आणि तिथेच राहणार. तुझी ताई गेल्यापासून मुद्दाम ऐकावं असं कोणी बोलतही नाही. तेव्हा पत्रच बरं.

काल इथे धनुष्यबाणाच्या शिकारीचा मोसम सुरू झाला. गेल्या वर्षीचं मी तुला सांगितलं नव्हतं. पोटात बाण घुसलेली एक हरिणी आमच्या मागच्या अंगणात आली होती. आतडं बाहेर लोंबत होतं आणि ते पायात अडकून ती पुन्हा पुन्हा पडत होती. तुझ्या ताईच्या गुलाबांपाशी तासभर तडफडून मेली. कोणा गाढवाने नेम न धरता बाण सोडला आणि घरी जाऊन बिअर प्यायला असेल. तेव्हापासून या जमातीबद्दल माझ्या मनात काय आहे ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

आणि बघ, आज नेमकं त्यांच्यातल्याच एकाचं सामान माझ्या गळ्यात पडलं. ओढ्याकाठी ओल्या पानांत एक लांब हिरवी पिशवी सापडली. आत क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा चाप असलेलं धनुष्य, काही बाण, झाडावरच्या मचाणाला स्वतःला बांधून घ्यायचे पट्टे आणि तळाशी एक सुरा. सुऱ्याची मूठ शिंगाची, तिच्यावर तीन रेघा कोरलेल्या. पातं मुठीपर्यंत रक्ताने माखलेलं, आता वाळून काळं झालंय. अस्तरही रक्ताने कडक झालंय. पिशवीचा मूळ पट्टा तुटला असावा, कारण त्या जागी कराटेची पोरं कमरेला बांधतात तसला तपकिरी कापडी पट्टा गाठ मारून लावलाय. नाव कुठेच नाही.

मला शिकारी आवडत नाहीत, पण दुसऱ्याची वस्तू घरात ठेवायला त्याहून आवडत नाही. मालक शोधून काढतो.

तुझ्या चिरंजीवांबद्दल, नकुलबद्दल, तक्रार आहे. दर रविवारी जेवायला येतो, आज आलाच नाही. शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. मेसेजला उत्तर नाही. युनिव्हर्सिटीत झाडांवर संशोधन करतो म्हणून माणसांशी झाडासारखं वागायचं का, विचार त्याला.

हेमचंद्र


शॉमबर्ग, इलिनॉय
९ ऑक्टोबर २०२४

भावजी, नमस्कार.

हे पत्र एक्स्प्रेसने पाठवतेय, उद्या मिळेल. घाई एवढ्याचसाठी की नवमी तोंडावर आलीय.

त्या सुऱ्यावर रक्त तसंच ठेवू नका. ताई खंडेनवमीला पाटावर काय काय मांडायची, आठवतंय ना? तुमची पकड, ड्रिल, कात्री, विळी, माझा जुना स्टेथोस्कोप. एकदा तर लॉनमोवरला झेंडूची माळ घातली होती आणि तुम्ही फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता. घरात आलेलं शस्त्र परक्याचं असलं तरी या दिवसांत ते घाणेरडं ठेवणं बरं नाही. ब्लीच घालून धुवा. मुठीच्या खाचा दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा. पिशवीही गरम पाण्यातून काढा, अस्तर निघत असेल तर काढून टाका. मग तेल लावा, हळदकुंकू वाहा.

आणि कृपा करून पोलिसांकडे जाऊ नका. तुम्हाला ऐकू येत नाही. सावळा म्हातारा माणूस रक्ताळलेला सुरा घेऊन त्यांच्या गाडीकडे चाललाय, ते थांब म्हणून ओरडले आणि तुम्ही चालतच राहिलात, तर काय होईल ते मी इथल्या इमर्जन्सीत पाहिलंय. एका माणसाच्या छातीत बोट जाईल अशी भोकं होती आणि हातात फक्त टॉर्च होता.

पूजा झाली की सगळं गॅरेजमध्ये ठेवून द्या. मालक शोधत हिंडू नका. ज्याला हवं असेल तो येईल, नाहीतर नाही.

नकुल कामासाठी मिनेसोटाला गेलाय. तिकडच्या जंगलात फोन लागत नाही. काळजी करू नका.

कांचन


स्टेट कॉलेज
१५ ऑक्टोबर २०२४

कांचन,

तुझं पत्र एक्स्प्रेसने आलं तेव्हा वाटलं, कोणी गेलं की काय. उघडून बघतो तर ब्लीचची कृती. पण म्हणालीस ते पटलं. तुझी ताई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, फक्त एवढं लांबण न लावता.

आज्ञेप्रमाणे सगळं केलं. सुरा बादलीत बुडवला तेव्हा पाणी आधी चहासारखं झालं, मग लाल. तीनदा पाणी बदललं. खाचांतली घाण ब्रशने काढली, लिंबू चोळलं. एवढं केल्यावर बोथट सुरा पाटावर ठेवणं माझ्यातल्या इंजिनियरला सहन होईना. दगडावर धार लावली. कागदाचा कपटा नुसता टेकवला तरी दोन तुकडे. मग पाटावर माझी अवजारं, तुझ्या ताईचा लोखंडी तवा, क्रॉसबो आणि मधोमध तो सुरा. कुंकवाची पाच बोटं उठवली, झेंडू वाहिला, बेसनाच्या लाडवांचा नैवेद्य दाखवला. घर पुन्हा थोडं घरासारखं दिसलं.

पुढचं मात्र तुझं ऐकलं नाही, रागावू नकोस. पेट्रोल पंपावरच्या दुकानात चिठ्ठी लावली, शिकारीचं सामान सापडलंय, खूण पटवून घेऊन जावं, खाली माझा पत्ता. काल एक माणूस आला. ओठांवरून जेवढं कळलं तेवढं लिहितो. नाव लॉनी. डोंगरापलीकडे राहतो, हरणं सोलून मांस कापून द्यायचं काम करतो. आडदांड शरीर, डोळ्याखाली खपली धरलेला ओरखडा, मनगटाला पट्टी. मी म्हटलं खूण सांग. त्याने मूठ वळली आणि तिच्यावर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवली. तीन रेघा. म्हणजे सुरा त्याचा, शंकाच नाही. पण क्रॉसबो माझा नाही म्हणाला. तो कोणाचा असेल, असं मला दोनदा विचारलं आणि त्या तपकिरी पट्ट्याची गाठ उलटसुलट करून बघितली.

सुरा हातात घेतल्यावर त्याने अंगठ्याने कुंकू पुसलं आणि बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिला. कोणी धुतला, म्हणाला. मी छाती फुगवून सांगितलं, मीच. तेव्हा तो एवढा हसला की दात मोजता आले असते. माझ्या खांद्यावर असा हात मारला की खांदा अजून दुखतोय. आपल्यात कोणाची वस्तू रिकामी परत करत नाहीत, म्हणून डब्यात लाडू भरून दिले. एक तिथेच तोंडात टाकून गेला.

अर्धं सामान मालकाला पोचलं. आता क्रॉसबोवाला सापडला की मी मोकळा.

हेमचंद्र

ता. क. नकुलच्या लॅबमध्ये गेलो होतो. तिथे कोणालाच मिनेसोटाचं माहीत नाही. म्हणाले, आजारी म्हणून रजेवर आहे.


शॉमबर्ग
१९ ऑक्टोबर २०२४

भावजी,

तुम्ही लॅबमध्ये गेलात. आता लपवून उपयोग नाही.

नकुल मिनेसोटात नाही. माझ्या वरच्या खोलीत आहे. तुम्ही आमटी करून वाट बघत होतात त्या सकाळी तो माझ्या दारात उभा होता. गाल फाटलेला, डावा डोळा सुजून बंद, उजव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत कापलेली आणि भोवती गुंडाळलेला टॉवेल रक्ताने थबथबलेला. हॉस्पिटलमध्ये नेलं असतं तर प्रश्न झाले असते, पोलीस आले असते. म्हणून मी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः शिवलं. भूल द्यायला काही नव्हतं. त्याने तोंडात फडकं कोंबलं आणि माझ्याकडे न बघता बसून राहिला. प्रत्येक टाक्याला त्याची टाच जमिनीवर आपटत होती. काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. अजून सांगत नाही. जेवतो, झोपतो, खिडकीतून रस्त्याकडे बघतो.

मग तुमचं पत्र आलं. तपकिरी पट्टा त्याचा आहे. शाळेत कराटेत मिळवलेला, पिशवी कुठलीही असो, तोच पट्टा बांधतो. हो, तो शिकार करतो. तुम्ही खारींनासुद्धा शेंगदाणे घालणारे, तुम्हाला कळलं तर त्याला दारात उभं करणार नाही अशी भीती होती, म्हणून आम्ही दोघांनी लपवलं. तुमच्या घरामागच्या सरकारी जंगलातच जातो तो.

ब्लीच मी का सांगितलं ते तुम्हाला आता कळलं असेल. रक्त हरणाचं नसणार, असं मला पहिल्या ओळीतच वाटलं.

तुम्ही ह्यांना देवमाणूस म्हणायचात. कोणाच्याही लग्नात पुरुषोत्तम सगळ्यात आधी पंगतीत वाढायला उभा, असं कौतुक करायचात. मनगट मोडलं तेव्हा मी बर्फावर पडले होते असं तुम्हाला सांगितलं होतं. ती गॅरेजच्या दारात हात धरून दार लावण्याची शिक्षा होती, कारण मी पार्टीत कोणाशी तरी जास्त हसले होते. बरगडी, कानाचा पडदा, सगळं मी स्वतः तपासलं, स्वतः बांधलं. नकुल जिन्यावर बसून बघायचा. आणि सोळाव्या वर्षी त्याने वर्गातल्या मुलाचा जबडा मोडला, तेव्हा प्रिन्सिपलच्या ऑफिसात माझी नजर त्याच्या मुठीवरून हलेना. बापाचीच मूठ. तसाच अंगठा बाहेर.

तो लॉनी म्हणजे ज्याच्याशी भांडण झालं तो असेल. त्याचा सुरा हिसकावून नकुलने भोसकला असेल आणि माणूस जगला असेल, तर आपण सुटलो. सुरा धुतलेला आहे आणि ज्याचा त्याला गेलाय. तुम्ही नकळत माझं काम केलंत. मी देवापुढे साखर ठेवली. तो क्रॉसबो मात्र तेवढा मोडून कचऱ्यात टाका.

कांचन


स्टेट कॉलेज
२३ ऑक्टोबर २०२४

कांचन,

साखर उचल.

कुत्र्यांना सोमवारी जंगलात एक माणूस सापडला. नाव ब्रेंट, लॉनीच्या बायकोचा भाऊ. महिन्याच्या सुरुवातीपासून बेपत्ता होता. फांद्यांखाली खड्ड्यात ढकललेला, बेंबीपासून छातीपर्यंत उभा चिरलेला, हरणाचं पोट साफ करताना चिरतात तसा. कोल्ह्यांनी उरलेलं काम सुरू केलं होतं. राज्य पोलिसांचे दोन ट्रूपर आले, तेव्हा त्यांनीच हे माझ्या पॅडवर एकेक ओळ लिहून सांगितलं. लिहिणारा ट्रूपर अगदी तरुण पोरगा होता.

लॉनीने त्यांना सांगितलंय की त्या दिवशी एक ब्राऊन माणूस क्रॉसबो घेऊन ब्रेंटशी भांडत होता. ट्रूपर क्रॉसबो पिशवीसकट घेऊन गेले. नकुलचा पट्टा पिशवीलाच होता.

मी त्यांना सुऱ्याबद्दल सगळं सांगितलं. कुठे सापडला, कसा धुतला, पूजा केली, लॉनी कसा घेऊन गेला. त्या पोराने कुंकू लागलेल्या पाटाकडे बोट केलं आणि पॅडवर लिहिलं, तुम्ही पुरावा धुतलात. का, असं विचारलं. मी म्हटलं, आमच्यात असा दिवस असतो. तुझं नाव घेतलं नाही. लॉनी म्हणतो कसला सुरा, मी तर म्हाताऱ्याकडे हरवलेल्या ब्रेंटची चौकशी करायला गेलो होतो. माझ्याकडे दाखवायला आता काय आहे? लाडू दिले एवढंच.

मी आयुष्यभर तुझ्यावर कधी रागावलो नाही, आज रागावलोय. तू मला माझ्या बायकोच्या नावाने फसवलंस. तुझ्या ताईचा पाट, तुझ्या ताईची नवमी, आणि त्या पाण्यात मी एका मेलेल्या माणसाचं रक्त ओतून दिलं.

पुरुषोत्तमाबद्दल वाचलं. माझी मान खाली गेली. पण तेवढ्याने नकुलचं गणित सुटत नाही. जरा विचार कर. लॉनी डोंगर ओलांडून माझ्या दारात आला ते सुऱ्यासाठी. ज्याच्या सुऱ्याने दुसऱ्याने खून केला, तो माणूस सुरा घेऊन सरळ पोलिसांकडे गेला असता. हा तर धुतलाय म्हटल्यावर हसला. आणि सुरा होता नकुलच्या पिशवीत, नकुलची बोटं कापलेली आहेत. बोटं आतल्या बाजूने कापलीत की बाहेरच्या? सुऱ्याची मूठ धरणाऱ्याची बोटं कापत नाहीत, पातं धरणाऱ्याची कापतात. तू डॉक्टर आहेस, हे मी तुला शिकवायचं का?

वर जा आणि मुलाला विचार. त्याने काय केलं हे नको. त्याला काय झालं ते विचार.

हेमचंद्र


शॉमबर्ग
२७ ऑक्टोबर २०२४

भावजी,

हे पत्र बंद करून नकुलच्याच हाती देतेय. तो उद्या गाडीने निघतोय, आधी ट्रूपरकडे आणि मग तुमच्याकडे. मी बरोबर येते म्हटलं. नको म्हणाला.

बोटं आतल्या बाजूने कापलेली आहेत. मी एकेक टाका घालताना ते बघितलं होतं आणि तरी मला दिसलं नाही.

तो मचाणावर बसला होता. खाली लॉनी आणि ब्रेंट एका मोठ्या हरणापाशी भांडत होते, बाण कोणाचा लागला यावरून. लॉनीच्या हातात सुरा होता, हरणाचं पोट अर्धं उघडलेलं. ब्रेंट वाकून शिंगांना हात लावायला गेला आणि लॉनीने तोच सुरा त्याच्यात खालून वर ओढला. नकुल म्हणतो, ब्रेंट दोन्ही हातांनी स्वतःचं पोट धरून उकिडवा बसला. नकुल ओरडला. ओरडल्यावर त्याला कळलं की आपण झाडाला बांधलेले आहोत. पट्टा सोडून, पिशवी पाठीला लावून खाली उतरेपर्यंत लॉनीने पाय धरून खेचलं आणि बुटाने चेहऱ्यावर मारत राहिला. फोन दगडावर ठेचला. सुरा गळ्याशी आला तेव्हा नकुलने पातंच मुठीत धरलं आणि सोडलं नाही. लॉनीचा डोळा ओरबाडला, मनगट चावलं, सुरा सुटला. मुठीला हात न लावता, पात्याला धरूनच त्याने तो पिशवीत टाकला, कारण मुठीवर लॉनीच्या बोटांचे ठसे होते. एवढं सुचलं त्याला, अशा वेळी. ते ठसे मी तुमच्याकडून ब्रशने घासून घेतले.

पुढचं तुम्हाला लिहू नको म्हणालाय. पण आता मी काही लपवणार नाही. तो पळत तुमच्याच घरी आला होता. मागच्या दारावर दोन्ही हातांनी धडका दिल्या. तुम्ही आत पाठमोरे टीव्हीसमोर बसला होतात, त्याला काचेतून दिसत होतात. लॉनी मागून येत होता. आणखी थांबलो तर काका पण जातील, असं वाटून तो तुमच्या दारापासून दूर पळाला, ओढ्यात उतरला, तिथेच पिशवी सुटली. लॉनी काठावरून ओरडला, तोंड उघडलंस तर म्हाताऱ्याला घरासकट जाळीन. तुमच्या दारावर रक्त असेल. लाल रंगाच्या दारावर तुम्हाला दिसलं नसेल.

त्याला वाटलं, पोलीस त्याचं ऐकतील की नाही ठाऊक नाही, पण आई ऐकेल. म्हणून तो गाडीत बसला आणि एका हाताने चालवत माझ्याकडे आला.

आता मी जे तुम्हाला गेल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. मी दार उघडलं. त्याचा हात पाहिला. त्याने आई म्हणून तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "कोणाला मारलंस?"

त्याने तोंड मिटलं. एवढंच झालं.

काल मी तुम्ही सांगितलंत तसं विचारलं. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "यू वेअर द ओन्ली पर्सन आय वॉन्टेड टू टेल." मी त्याच्या पायाशी बसले होते. त्याने मला उठवलं नाही आणि ढकललंही नाही. पहिलं बोट आता वाकत नाही. बोट वाकवणारा आतला टेंडन तुटला होता, त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये नेलं असतं तर जोडला गेला असता. मी फक्त कातडी शिवली.

दार लावून घ्या. तो येईपर्यंत कोणाला उघडू नका.

कांचन


शॉमबर्ग
३ नोव्हेंबर २०२४

भावजी,

हे तुम्ही कधी वाचाल, वाचाल की नाही, मला माहीत नाही. ट्रूपरचा फोन आला. तुम्ही आयसीयूत आहात, पोटात सुरा लागलाय, नकुल तिथेच आहे, एवढं सांगितलं. हॉस्पिटलला फोन केला तर नातं विचारतात. बहिणीचा नवरा म्हटलं तर होल्डवर ठेवतात.

नकुल माझा फोन उचलत नाही. एकच मेसेज आला, "डोन्ट कम, आई." मी बॅग भरून जिन्याच्या पायथ्याशी ठेवलीय. रोज तिच्याकडे बघते. न सांगता गेले तर पुन्हा एकदा मी त्याचं न ऐकता ठरवलं असं होईल.

ट्रूपरने मला विचारलं, तुमचा मुलगा पूर्वी कधी हिंसक वागलाय का. मी म्हटलं, आमच्या घरात हिंसा होती, खूप होती, पण ती त्याच्या बापाची होती. माझ्या मुलाने ती फक्त पाहिली. सोळाव्या वर्षी एका मुलाला मारलं, ते शाळेच्या दप्तरात सापडेल, त्यानंतर एकदाही नाही. मग त्यांनी विचारलं, या प्रकरणात तुम्हाला त्याच्यावर संशय होता का. मी हो म्हटलं. आणि सुरा धुवायला मीच लावला, हेही सांगितलं. हे माझ्यावर शेकलं तर शेकू दे.

तुम्ही जगा. ताईला मी काय तोंड दाखवू?

कांचन


स्टेट कॉलेज, हॉस्पिटल
९ नोव्हेंबर २०२४

कांचन,

जगलो. अक्षर वाकडं आहे ते समजून घे, डाव्या हातात नळी आहे आणि उजव्याला टाके आहेत. मला एवढ्यात तुझ्या ताईकडे पाठवू नकोस, ती म्हणेल घर तसंच टाकून आलात.

लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन यंदा एकाच दिवशी आले. नकुल आदल्या दिवशी ट्रूपरकडे जाऊन सगळं सांगून आला होता. तिथे त्याला दिवसभर बसवून तेच तेच विचारलं. ट्रूपर लगेच लॉनीकडेही जाऊन आले असणार, नाहीतर त्याला एवढी घाई झाली नसती. सुरा तो घेऊन गेला हे सांगणारा जगात एक मीच, बहिरा म्हातारा.

नकुल स्वयंपाकघरात अनारसे तळत होता. मी पायरीवर पणत्या लावल्या, बेलचा दिवा लुकलुकला, म्हटलं पोरं आली. तुझ्या पत्रातलं वाक्य आठवलं नाही असं नाही, पण सणाच्या संध्याकाळी दार लावून बसायची मला सवय नाही. चॉकलेटचं भांडं घेऊन उघडलं. शिकाऱ्याचा चट्ट्यापट्ट्याचा बुरखा घातलेला माणूस. वेषभूषा समजून मी भांडं पुढे केलं.

सुरा डाव्या बरगडीखाली गेला. कांचन, धार मी लावली होती. काही दुखलंच नाही आधी, एवढा सहज गेला. त्याने तो उपसून दंडावर ओढला, मग पुन्हा पोटात खुपसला आणि या वेळी मूठ सुटली, कारण आम्ही दोघेही चॉकलेटांवरून घसरलो. माझ्याच उंबऱ्यात, माझ्याच रक्तात, तो माझ्या अंगावर. बुरख्यातून त्याचा श्वास लागत होता.

तेवढ्यात नकुल आला. हातात तुझ्या ताईचा लोखंडी तवा, डाव्या हातात, कारण उजवा धरत नाही. एकदाच मारलं. लॉनीच्या खांद्याचं हाड मोडलं ते मला जमिनीतून जाणवलं. लॉनी गुडघ्यावर आला, चांगला हात डोक्यावर घेतला, बुरखा निघाला होता, तो रडत होता. नकुलने तवा पुन्हा वर उचलला. मी खाली पडून त्याच्याचकडे बघत होतो. मी पुरुषोत्तमाचा उगारलेला हात कधी बघितला नाही, पण तू लिहिलंस त्यावरून मला कळत होतं की तो इथे थांबला नसता. नकुल थांबला. तवा खाली ठेवला, ओट्यावर ठेवावा तसा हळूच. लॉनीला पालथा घालून पाठीवर गुडघा दिला आणि त्याच तपकिरी पट्ट्याची नवी आवृत्ती, म्हणजे स्वतःचा कमरेचा पट्टा काढून त्याचे हात बांधले. मग माझ्या पोटाशी हात दाबून बसला. मी सुरा काढायला गेलो तर माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडला, "काका, डोन्ट टच इट."

ते मला ऐकू आलं.

सुरा इथल्या सर्जनने काढला आणि थेट ट्रूपरच्या पिशवीत घातला. या वेळी कोणी धुतला नाही. प्रयोगशाळेत त्यांनी शिंगाची मूठ पात्यापासून वेगळी केली. ब्रश जिथे पोचत नाही तिथे, लोखंड आणि शिंगाच्या मध्ये, जुनं रक्त वाळलेलं होतं. ब्रेंटचं. वर माझं आणि मध्ये थोडं कुंकू. लॉनी तुरुंगात आहे, नकुलवर आता कोणाचा संशय नाही. तू फोनवर खरं सांगितलंस ते त्या तरुण ट्रूपरने नकुलला सांगितलं. तुझ्यावर काय करायचं ते त्यांचे साहेब ठरवतील, तुला बोलावणं येईल. ते यायचंच.

नकुलने तुझं पत्र मला दिलं तेव्हा ते बंदच होतं. मी त्याला वाचायला दिलं. त्याने वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. परत दिलं नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या बोटाचं ऑपरेशन आहे. पूर्ण वाकेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

मागचं दार मी रंगवणार नाही. त्याच्यावर दोन हातांचे डाग आहेत, ते मला रोज बघायचे आहेत. यंत्र ड्रॉवरमधून मागवून घेतलंय आणि आता कानात आहे. शेजारच्या पलंगावरचा माणूस घोरतो, त्याचं काही करता येत नाही.

नकुलने येऊ नको म्हटलंय, तरी तू ये. हे त्याला विचारून लिहितोय. विचारल्यावर म्हणाला, "टेल हर टू ब्रिंग द वॉर्म जॅकेट." मला सोमवारी घरी सोडतील. दार तो उघडेल. उजवा हात मागे धरून उभं राहायची त्याला सवय लागलीय. तू काही बोलायच्या आधी तो हात पुढे घे, आणि दुखतंय का, एवढंच विचार.

हेमचंद्र